आरसी बुकावर नाव माझं, कॉम्प्युटरला कुलूप कंपनीचं

जुन्या पिकअपच्या इंजिनाचा कॉम्प्युटर बदलणं, त्यातला प्रोग्रॅम नवा करून घेणं आणि त्या ताकदीला पुरेल असा गिअरबॉक्स खाली बसवणं हा गाडीच्या मालकाचा हक्क आहे. आज तो आपल्याला मिळत नाही. कंपन्यांनी तो दाबून ठेवला आहे आणि सरकारने तो दाबू दिला आहे. या दोघांच्या मधल्या अंधारात कॉम्प्युटरमध्ये ‘फाइल टाकून देतो’ म्हणत फिरणारे लोक शेतकऱ्याच्या गाडीची वाट लावत आहेत. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. माझ्या दारात जुनी पिकअप आहे आणि तिच्यावर माझा हंगाम चालतो. म्हणून हे बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

शहरात बसून ‘जुन्या गाड्या भंगारात घाला’ म्हणणाऱ्यांनी जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत आमच्याकडे यावं. मणेराजुरी, सावळज, बोरगाव, जिकडे जाल तिकडे बागेच्या बांधावर पिकअप उभी असते. क्रेट भरले की काही गाड्या बाजाराकडे वळतात. बेदाण्याचा माल कवठे महांकाळवरून नागज फाट्याकडे आणि पुढे जुनोनीच्या शेडपर्यंत जातो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. म्हणजे एक टन बेदाण्यामागे चार टन ओला माल कुणीतरी वेळेत वाहून न्यावा लागतो. तोडलेला घड उन्हात थांबत नाही. मणी मऊ पडला की प्रत गेली, आणि प्रत गेली की तासगावच्या सौद्यात दर गेला. हे सगळं ज्या गाडीच्या भरवशावर चालतं ती बहुतेकांकडे दहा-बारा वर्षांची असते. नवी पिकअप दहा लाखांच्या घरात जाते. अवकाळी पाऊस, डाऊनी आणि पडलेले दर यातून ज्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही, त्याने ती कशाच्या जोरावर घ्यायची?

जुनी गाडी चालवणं हा आमचा छंद नव्हे. ती आमच्या हिशेबात बसणारी एकमेव गाडी आहे. ती नीट राखणं आणि जमेल तितकी सुधारून घेणं हेच शहाणपण आहे. नेमकं तेच आम्हाला करू दिलं जात नाही.

आधी गाडीत काय बदललं ते समजून घ्या. एके काळी पिकअपच्या डिझेल इंजिनाला लोखंडी पंप असायचा. जुने मिस्त्री त्याला अजून मायकोचा पंप म्हणतात, कारण बंगळुरूत १९५१ साली सुरू झालेली मायको कंपनीच पुढे २००८ मध्ये बॉश झाली. त्या पंपात डिझेल किती सोडायचं ते स्प्रिंग, वजनं आणि रॅक ठरवत. पंप उघडता यायचा, टेस्ट बेंचवर लावता यायचा, तालुक्याच्या गावात दुरुस्त व्हायचा. मग कॉमन रेल आलं. एका जाड नळीत हजार बारच्या वर दाबाने डिझेल साठतं आणि विजेवर चालणारे इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये सोडतात. क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, रेलच्या दाबाचा सेन्सर, ॲक्सिलरेटरच्या पॅडलचा सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर या सगळ्यांकडून माहिती घेऊन इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दर फेऱ्याला ठरवतो की डिझेल कधी आणि किती सोडायचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-४ नियम आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि कॉम्प्युटरशिवाय चालणारी नवी डिझेल पिकअप इतिहासजमा झाली.

या बदलाला माझा विरोध नाही. कॉमन रेलचं इंजिन कमी धूर टाकतं, कमी डिझेल पितं आणि चढाला चांगलं ओढतं. माझा विरोध आहे तो त्या कॉम्प्युटरला घातलेल्या कुलुपाला. गाडीचे पैसे मी भरले, विमा मी भरतो, पासिंगची फी मी भरतो, आरसी बुकावर नाव माझं आहे. पण त्याच गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड पुरता वाचायचा, पुसायचा आणि नव्या भागाची ओळख त्याला करून द्यायची, तर परवानगी दुसऱ्याची.

हे कुलूप कसं चालतं ते एका इंजेक्टरवरून कळतं. कारखान्यात तयार झालेले दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून प्रत्येकाची तपासणी करून त्याच्या डोक्यावर अक्षरं आणि आकडे असलेला एक कोड उमटवतात. इंजेक्टर बदलला की तो कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, म्हणजे त्या सिलिंडरला किती सूक्ष्म फरकाने डिझेल द्यायचं ते त्याला कळतं. कोड डोळ्यांनी वाचता येतो, पोरगाही वाचेल. पण तो कॉम्प्युटरमध्ये लिहायला कंपनीचं यंत्र आणि कंपनीचा लॉगिन लागतो. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहे. त्यात बाजारातला स्वस्त स्कॅनर लावला तर चार ठरावीक गोष्टी दिसतात, पण जिथे खरं काम करायचं तिथलं दार बंद असतं.

भर हंगामात माझ्या गाडीचं असंच झालं. हौद्यात क्रेट भरलेले, कवठे महांकाळ मागे टाकलेलं आणि डॅशबोर्डवर चेक लाइट लागली. गाडीने जोर सोडला. कॉम्प्युटरने स्वतःला वाचवायच्या पवित्र्यात जाऊन इंजिन बांधून टाकलं होतं. पॅडल कितीही दाबा, गाडी सायकलच्या वेगाने सरकत होती. ओळखीचा मेकॅनिक मोटरसायकलवर आला. हुशार पोरगा, हात साफ. त्याने अर्ध्या तासात बिघाड शोधला: एक इंजेक्टर गेला होता. दुसरा मिळवला, बसवला. मग हात पुसत म्हणाला, “दादा, काम झालंय, पन गाडी हितनं पळायची न्हाई. कोड टाकाय लागतोय. त्यो आमच्याकडनं पडत न्हाई, शोरूमलाच न्यावी लागंल.” अधिकृत सेंटरला फोन केला तर गाडी घेऊन या, नंबर लावा, परवा बघू असं उत्तर मिळालं. परवा! क्रेटमधला माल परवापर्यंत थांबणार होता का? दुसऱ्याची गाडी बोलावून माल हलवला, भाडं दुप्पट गेलं आणि प्रत गेली ती वेगळीच. जो बिघाड गावातल्या पोराने रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त केला, त्या दुरुस्तीला मान्यता द्यायला दोन दिवस आणि शहरातली एक फेरी लागली. यात कसली अवघड विद्या होती? एक कोड टायपायचा तर होता.

कंपन्या म्हणतात, हे सुरक्षेसाठी आहे, तुमच्याच भल्यासाठी आहे. हा युक्तिवाद देशाच्या स्पर्धा आयोगापुढे झाला आहे आणि तिथे तो पडला आहे. २०११ साली एका ग्राहकाने तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने मारुती, टाटा, महिंद्र, होंडा, टोयोटा यांच्यासह १४ वाहन कंपन्यांना दोषी धरलं आणि सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना न देऊन या कंपन्यांनी स्वतःची मक्तेदारी उभी केली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, दुरुस्तीची माहिती आणि यंत्रं स्वतंत्र मेकॅनिकना मिळू द्या, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश त्यात होते. पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांपुरता दंड कमी केला, पण गैरप्रकाराचा निष्कर्ष कायम ठेवला.

२०१४ च्या त्या आदेशानंतर इतकी वर्षं गेली. तासगावच्या एसटी स्टँडजवळच्या कुठल्या गॅरेजात कंपनीचं अधिकृत यंत्र रास्त किमतीला पोचलं? ज्या आदेशाचा फायदा तालुक्याच्या गावापर्यंत येत नाही, तो दिल्लीच्या कपाटात ठेवलेला कागद आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं होती आणि वाहनंही होती. २४ डिसेंबर २०२२ ला एक पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर कंपन्यांचे फोन नंबर आणि माहितीपुस्तिका आहेत. आम्हाला फोन नंबर नको होता. नंबर तर गाडीच्या काचेवरच चिकटवलेला असतो. आम्हाला असा कायदा हवा होता की ज्याच्या जोरावर गावातला मेकॅनिक यंत्र मागू शकेल आणि कंपनीला ‘नाही’ म्हणता येणार नाही. तो कायदा अजून झालेला नाही.

जो कायदा आहे, तो उलट दिशेने चालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी आरसीचा मेळ बसणार नाही असा कोणताही बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं: नियमात न बसणारा बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर कुणीही कशीही गाडी पळवू नये हे मला मान्य आहे. हौद्याच्या फळ्या हातभर वाढवणारे, पाट्यात आणखी पाटे घालून दुप्पट माल भरणारे लोक मी रोज बघतो आणि त्यांना दंड व्हायलाच हवा. पण याच कलम ५२ मध्ये एक पोटकलम आहे. ज्याच्याकडे किमान दहा मालवाहू किंवा प्रवासी वाहनं आहेत, त्याला त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलू द्यायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. दहा गाड्यांच्या मालकावर विश्वास, एका गाडीच्या मालकावर संशय! ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याचं पोट त्या एका गाडीवर आहे. ती नीट चालावी याची काळजी त्याच्याइतकी कुणाला असणार? ही तरतूद अन्यायाची आहे आणि ती बदललीच पाहिजे.

आता तिसऱ्या टोळीकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिच्यावर आहे. कंपनीने दार बंद केलं, सरकारने बाजूला उभं राहायचं ठरवलं, की मागच्या खिडकीतून चोर शिरतो. एक लॅपटॉप, चीनमधून आलेली केबल आणि कुठून तरी उचललेल्या प्रोग्रॅमच्या फाइली एवढ्या भांडवलावर काही लोक गावोगाव फिरतात. “ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल, एका तासात काम,” असं सांगतात. पोराटोरांच्या मोबाइलवर काळा धूर सोडत पळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ असतातच. शेतकरी पैसे मोजतो. हा माणूस रेलचा दाब वाढवतो, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ वाढवतो, टर्बोची हवा वाढवतो, प्रदूषण कमी करणारा ईजीआर व्हॉल्व्ह बंद करतो आणि निघून जातो. गाडीचं इंजिन किती चाललंय, इंजेक्टर कोणत्या अवस्थेत आहेत, क्लच प्लेट किती उरली आहे, यातलं काही तो बघत नाही. पावती देत नाही, मूळ फाइल जपून ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही.

या लोकांना गिअरबॉक्स म्हणजे काय ते कळत नाही, किंवा कळूनही ते सांगत नाहीत. हिशेब साधा आहे. समजा इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे चारपट होतो आणि मागच्या डिफरन्शिअलमध्ये पुन्हा सुमारे चारपट. म्हणजे मागच्या ॲक्सलवर ३,२०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. फाइल टाकून इंजिनाचा टॉर्क २० टक्क्यांनी वाढवला की इंजिनापाशी फक्त ४० वाढतात, पण ॲक्सलपाशी ६४० वाढतात. हा सगळा जादा भार क्लच प्लेट, गिअरबॉक्सचा शाफ्ट, बेअरिंगं, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि क्राउन-पिनियन यांनी सोसायचा असतो. कंपनीने ते जुन्या टॉर्कच्या हिशेबाने बनवलेले असतात, आणि त्यातून ते दहा वर्षं झिजलेले असतात. त्यावर दीड-दोन टन द्राक्षं. मग पहिल्यांदा क्लच जळल्याचा वास येतो, नंतर तिसरा गिअर सुटायला लागतो, आणि एक दिवस चढाला क्राउन-पिनियनचा चुरा होतो. तेवढ्यात इंजिनाचं हेड गॅस्केटही गेलेलं असतं, कारण जादा डिझेल जळलं की जादा उष्णताही तयार होते. वाढलेल्या ॲव्हरेजचे पैसे यात कितीदा गेले याचा हिशेब कुणी करत नाही.

म्हणून मी जुन्या पिकअपच्या सुधारणेबद्दल बोलतो तेव्हा कामाचा क्रम खालून वर असतो. आधी इंजिन, इंजेक्टर आणि टर्बो तपासून घ्यायचे. मग वायरिंग आणि जोड. पावसाचं पाणी आणि फवारणीच्या औषधांचे शिंतोडे यांनी पिना हिरव्या पडलेल्या असतात आणि निम्मे बिघाड तिथेच असतात. मग जास्त टॉर्क पेलणारी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, सिंक्रो आणि बेअरिंगं बदललेला किंवा त्याच घराण्यातल्या ताकदवान गाडीचा गिअरबॉक्स, आणि त्याला जुळणारी प्रॉपेलर शाफ्टची लांबी व तोल. हे सगळं झाल्यावर शेवटी कॉम्प्युटर, कारण गिअरचं किंवा क्राउनचं प्रमाण बदललं की कॉम्प्युटरला गाडीचा वेगही चुकीचा कळतो. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचं बंधन आहे. वेग चुकीचा कळला की ते बंधन भलत्याच वेगाला लागू होतं. म्हणजे गिअरबॉक्स आणि कॉम्प्युटर ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. एक बदलायची मुभा देऊन दुसरं बंद ठेवलं तर गाडी सुधारत नाही, धोकादायक होते. आज नेमकं हेच होतंय. गिअरबॉक्स भंगार बाजारात मिळतो, कुणीही बसवतो. त्याची जुळवणी ज्या कॉम्प्युटरमध्ये करायची तो बंद. हा धोका कुणी तयार केला?

यावर ठरलेला आक्षेप येतो: कॉम्प्युटर उघडा केला तर प्रदूषण वाढेल. मी याचं उत्तर तीन प्रकारे देतो. पहिलं, कुलूप असतानाही फाइल टाकणारे धूर काढतच आहेत. कुलुपाने चोर थांबला नाही, फक्त प्रामाणिक मेकॅनिक थांबला. दुसरं, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा आजवरचा सर्वांत कुप्रसिद्ध गैरवापर गावच्या गॅरेजात झालेला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चाचणी ओळखणारा प्रोग्रॅम घातला होता. चाचणी चालू असली की गाडी स्वच्छ, रस्त्यावर आली की विषारी. बंद कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते बाहेरच्या कुणाला दिसत नव्हतं म्हणूनच ही लबाडी वर्षानुवर्षं चालली. तिसरं, सरकारला प्रदूषणाची खरोखर काळजी असेल तर पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुरात नळी घालून थांबू नका, कॉम्प्युटरही वाचा. ईजीआर बंद केलेली, फाइल टाकलेली गाडी तिथे पकडता येईल. पण त्यासाठी तो कॉम्प्युटर सगळ्यांना वाचता यायला हवा, म्हणजे पुन्हा माझीच मागणी आली.

जगात याचे मार्ग निघाले आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली जनमत घेतलं. ८५ टक्क्यांहून जास्त मतं दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने पडली. २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठी पुन्हा मत घेतलं, तेव्हाही सुमारे ७५ टक्के लोक बाजूने होते. युरोपने २००७ च्या नियमातच सांगून ठेवलं की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना अधिकृत डीलरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. प्रदूषणाबाबत सर्वांत कडक असलेल्या कॅलिफोर्नियात बाहेरच्या कंपनीने बनवलेला इंजिनाचा भाग किंवा प्रोग्रॅम तपासला जातो, त्याने धूर वाढत नाही असं सिद्ध झालं की त्याला मंजुरीचा क्रमांक मिळतो आणि मग तो बसवणं कायदेशीर ठरतं. तिथला माणूस चाळीस वर्षं जुन्या पिकअपला नवा कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवर चालणारा गिअरबॉक्स बसवतो, घरच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून गिअर कधी पडावा ते ठरवतो. तो हे रविवारच्या विरंगुळ्यासाठी करतो. आमच्या शेतकऱ्याला ते सोमवारच्या भाकरीसाठी हवं आहे, आणि त्यालाच ते बंद आहे.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. पेट्रोलच्या गाडीला सीएनजीचं किट बसवता येतं. किट मंजूर करून घेतात, ठरावीक केंद्र ते बसवतं, आरटीओ आरसीवर इंधनाचा बदल नोंदवतं. इंधन बदलण्याइतकी मोठी गोष्ट आपण नियमात बसवली. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे. जुन्या पिकअपच्या ठरावीक मॉडेलांसाठी कॉम्प्युटरचा तपासलेला प्रोग्रॅम, त्याला जुळणारा क्लच आणि गिअरबॉक्स असं एक किट ती का तपासू शकत नाही? यंत्रं आहेत, इंजिनियर आहेत, पद्धतही आहे. नाही ती फक्त इच्छा, कारण जुनी गाडी सुधारली तर नवी विकली जात नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या हातांना हे जमणार नाही असं ज्याला वाटतं त्याला हा जिल्हाच माहीत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि त्या माळावरून नांगर देशभर गेले. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी स्वतःच्या बागेतल्या थॉमसनमध्ये वेगळी काडी हेरली, वाढवली आणि तास-ए-गणेश हा वाण द्राक्षशेतीला दिला. जे मिळालं ते तसंच वापरायचं, ही या मातीची रीत कधीच नव्हती. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रेत दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून स्वतःची छोटी जीप बनवली, किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. महिंद्र कंपनीच्या आनंद महिंद्रांनी मनापासून कौतुक केलं, आणि नियमात बसत नसल्याने आज ना उद्या प्रशासन ही गाडी अडवेल हेही स्पष्ट सांगून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला ती मिळाली. मोठ्या मनाने दिलेली ती भेट होती आणि मला तिचा आनंद आहे. पण त्या प्रसंगाने आपल्या कायद्याची लाज उघडी केली. एका कारागिराच्या हुन्नराला या देशात बक्षीस मिळू शकतं, परवाना मिळू शकत नाही. तपासणीचं दार कुठेच नाही, की जिथे जाऊन त्याने विचारावं, ‘हिच्यात काय सुधारू म्हणजे पास होईल?’

दरवर्षी आयटीआयमधून एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल आणि दोन वर्षांचा मोटर व्हेईकलचा अभ्यास करून पोरं बाहेर पडतात. सरकारच त्यांना प्रमाणपत्र देतं, आणि त्याच प्रमाणपत्रावर कंपनीचं यंत्र त्यांना मिळत नाही. मग ती पोरं पुण्याला चाकणकडे जातात, नाहीतर पंक्चर काढत बसतात. गावाकडे रोजगार नाही म्हणून गळा काढणाऱ्या पुढाऱ्यांनी हे एक कुलूप काढून दाखवावं.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. बिघाड वाचणं, पुसणं, इंजेक्टर आणि चावीची ओळख करून देणं, मूळ प्रोग्रॅम पुन्हा भरणं ही कामं प्रमाणपत्रधारक स्वतंत्र मेकॅनिकला कंपनीच्या डीलरइतक्याच दरात करता आली पाहिजेत, आणि ते कायद्याने बंधनकारक झालं पाहिजे. चोरीची भीती असेल तर मेकॅनिकची नोंदणी करा, प्रत्येक कामाची नोंद ठेवा. गाडीची विक्री बंद झाल्यावर किमान पंधरा वर्षं तिचा कॉम्प्युटर, वायरिंग आणि प्रोग्रॅम उपलब्ध ठेवायची जबाबदारी कंपनीवर टाका. एआरएआयने तपासलेल्या कॉम्प्युटर-गिअरबॉक्स किटला कलम ५२ मध्ये सीएनजीसारखी जागा द्या. दहा गाड्यांची अट काढून टाका. आणि बिनपावतीच्या फाइली टाकणाऱ्यांवर, ईजीआर बंद करणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा. त्यांना सोडून मालकाला दंड करणं हा न्याय नव्हे.

हे मागायला आमदार-खासदारांची वाट बघत बसायची गरज नाही. या तालुक्यात, या जिल्ह्यात दर हंगामाआधी पिकअप विकल्या जातात, आणि कंपनीला कळणारी एकच भाषा आहे ती विक्रीची. पुढची गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा रंग आणि हप्ता विचारण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: वॉरंटी संपल्यावर माझ्या गावच्या मेकॅनिकला या गाडीचा इंजेक्टर कोड भरायचं यंत्र मिळेल का, आणि केवढ्याला? लेखी उत्तर मिळालं तर ॲडव्हान्स द्या. नाही मिळालं तर चेकबुक खिशात घालून बाहेर या आणि शेजारच्या शोरूममध्ये तोच प्रश्न विचारा. बाजार समितीने, द्राक्ष बागायतदारांच्या संघटनांनी आणि वाहतूकदारांनी हाच प्रश्न एकत्र विचारला, तर ज्या कंपन्यांना २,५४५ कोटींचा दंड हलवू शकला नाही, त्यांना एक हंगाम हलवेल.